फिसिडेन्स: दोन ओळींत पाने लावणारे मॉस ओळखायचे कसे, आणि जातीपर्यंत पोहोचायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: पावसाळ्यात सह्याद्रीत वाटेकडेच्या मातीच्या उतारावर आणि जांभ्याच्या चिऱ्यांवर पक्ष्याच्या चिमुकल्या पिसासारखे चपटे मॉस दिसते. ते फिसिडेन्स आहे असे सांगितले जाते. हे नक्की कसे ठरवायचे, त्याचे वर्गीकरण कशावर उभे आहे, आणि कोणती जाती हे घरच्या सूक्ष्मदर्शकावर समजेल का?

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. फिसिडेन्स ही मॉसमधली बहुधा सर्वांत सहज ओळखू येणारी प्रजाती. दहापट भिंग असले की काम होते, सवय झाल्यावर तेही लागत नाही. अडचण पुढे आहे. जगभरात या एकाच प्रजातीत सुमारे ४५० जाती आहेत, त्यातल्या बऱ्याचशा उष्ण प्रदेशातल्या, आणि बहुतेकांचे रूप दुरून एकसारखे. प्रजाती एका नजरेत आणि जाती मात्र चार तासांत, असा हा मामला आहे. त्या चार तासांत चुका कुठे होतात तेही ठरलेले आहे, म्हणून उत्तर जरा लांब देतो.

शब्दांबद्दल आधी दोन वाक्ये. बोलण्यात आपण पाण्यावरची हिरवी साय, भिंतीवरचा बुळबुळीत थर आणि हे पानवाले मॉस या सगळ्यांना शेवाळच म्हणतो. इथे शेवाळ हा शब्द टाळून मॉस म्हणतो. आणि वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांप्रमाणे प्रजाती म्हणजे मोठा गट, जाती म्हणजे त्यातला एक प्रकार.

पान नीट समजून घ्या, बाकी सगळे त्यावर आहे

बहुतेक मॉसमध्ये पाने खोडाभोवती चक्राकार लागतात, कारण खोडाच्या शेंड्याची जी एक पेशी सतत विभागत असते ती तीन बाजूंची असते आणि तीन बाजूंना आळीपाळीने नव्या पेशी टाकते. फिसिडेन्सच्या शेंड्याची पेशी दोनच बाजूंची, मसुराच्या डाळीसारखी असते. ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पेशी टाकते. म्हणून पाने अगदी काटेकोर दोन ओळींत येतात आणि सगळी फांदी चपटी दिसते. गंमत म्हणजे कोवळा किंवा जमिनीखालचा कोंब सुरुवातीला तीन बाजूंच्या पेशीनेच वाढतो आणि मग दोन बाजूंवर येतो.

पण दोन ओळींतली पाने एवढ्यावर फिसिडेन्स ठरत नाही. डिस्टिकियम नावाच्या मॉसचीही पाने दोन ओळींत असतात, आणि पानांच्या लिव्हरवर्टमध्ये (मॉससारख्याच चिमुकल्या, पण वेगळ्या गटातल्या वनस्पतींमध्ये) तर हे नेहमीचेच. फिसिडेन्सची खरी खूण पानाच्या घडणीत आहे. वेखंडाच्या बुंध्याशी पाने एकमेकांत कशी बसलेली असतात ते आठवा: बाहेरच्या पानाचा तळ दुभंगून आतल्या पानाला दोन्ही बाजूंनी धरतो आणि वरचा भाग तलवारीसारखा कडेवर उभा राहतो. फिसिडेन्सचे पान तसेच बसते.

या पानाचे तीन भाग वेगळे ओळखा.

खालच्या अर्ध्यात दोन पाळ्यांचा खिसा असतो. हा खिसा खोडाला आणि वरच्या पानाच्या तळाला कवेत घेतो. तो साधारण पानाच्या निम्म्या ते दोन तृतीयांश उंचीपर्यंत जातो.

खिसा संपतो तिथून शेंड्यापर्यंत, मधल्या शिरेच्या त्याच बाजूला, एकेरी पाळी असते. तिला आपण शेंड्याची पाळी म्हणू.

शिरेच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे खोडापासून दूर, पानाच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर आणखी एक पाळी जाते. ती पाठीची पाळी.

आडवा छेद घेतला की शंकाच उरत नाही. पानाच्या खालच्या भागाचा छेद इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो: दोन हात म्हणजे खिशाच्या पाळ्या, सांध्यावर शीर, आणि खालचा दांडा म्हणजे पाठीची पाळी. वरच्या भागाचा छेद सरळ रेघ, मध्ये शिरेची गाठ. वाय दिसला की फिसिडेन्स, दुसरे काही नाही.

हे असे विचित्र पान कसे झाले यावर जुना वाद आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांचे म्हणणे असे की खिसा हेच मूळ पान, आणि बाकी दोन पाळ्या शिरेतून नंतर फुटलेल्या वाढी आहेत. हे मत आजही पटण्यासारखे वाटते, कारण कोशाच्या (बीजाणूंच्या डबीच्या) तळाच्या आणि नर फुलोऱ्याच्या (नर अवयवांच्या कळीच्या) पानांमध्ये खिसा मोठा आणि बाकीच्या पाळ्या अगदी खुरटलेल्या असतात. म्हणजे ते पान साध्या मॉसच्या पानासारखे दिसू लागते.

दात, आणि नावाचा उगम

फिसिडेन्स हे नाव मात्र पानावरून नाही, दातांवरून आहे. लॅटिनमध्ये फिसस म्हणजे चिरलेला, डेन्स म्हणजे दात. कोशाचे झाकण गळाले की तोंडाशी १६ दातांची एकेरी रांग दिसते, लालसर रंगाची, आणि प्रत्येक दात साधारण निम्म्यापर्यंत चिरून त्याच्या दोन शेपट्या झालेल्या. हवा कोरडी झाली की हे दात हलतात आणि बीजाणू थोडे थोडे बाहेर पडतात. पाण्यात राहणाऱ्या काही जातींमध्ये दात आखूड आणि वेडेवाकडे झालेले असतात. पाण्याखाली हवेच्या ओलाव्यावर चालणाऱ्या यंत्राचा तसाही काय उपयोग!

हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ योहान हेडविग यांनी दिले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८०१ मध्ये निघाला आणि मॉसच्या नावांची सुरुवात त्याच ग्रंथापासून धरतात. स्फॅग्नम हे मॉस तेवढे त्याला अपवाद. त्याआधी लिनियसने यातल्या काही जाती हिप्नम या सरमिसळ पेटाऱ्यात टाकल्या होत्या. तिथली टॅक्सिफोलियम आणि आडियांथॉइडिस ही विशेषणे अजून टिकून आहेत. पहिल्याचा अर्थ टॅक्सस झाडासारख्या पानांचे, दुसऱ्याचा आडियांटमसारखे, म्हणजे आपल्या हंसराज नेच्यासारखे.

वरच्या पातळीचे वर्गीकरण

वर्ग ब्रायॉप्सिडा, उपवर्ग डायक्रेनिडी, कुल फिसिडेंटेसी. या कुलात आता फिसिडेन्स ही एकच प्रजाती धरतात. जुन्या पुस्तकांत फिसिडेंटेलिस असा वेगळा गण दिसेल, कारण पानाची घडण इतकी निराळी की त्याला कुणाच्याही शेजारी बसवणे जड जाई. नंतर दातांच्या रचनेवरून आणि डीएनएवरून हे मॉस डायक्रेनम या दुसऱ्या मॉसच्या गोतावळ्यात पडते हे दिसले, आणि गण डायक्रेनेलिस असा लिहिला जाऊ लागला. ऑक्टोडिसेरास, मोएंकेमेयरा अशी एके काळची स्वतंत्र नावेही फिसिडेन्समध्ये विलीन झाली आहेत. तुमच्या हातात जुनी किल्ली (लक्षणांवरून जातीपर्यंत नेणारा तक्ता) असेल तर एवढे लक्षात ठेवा, म्हणजे नाव सापडत नाही म्हणून अडणार नाही.

प्रजातीच्या आतली विभागणी जास्त कामाची आणि जास्त डळमळीत आहे. २००४ मध्ये पर्सेल आणि ब्रुगेमान-नानेंगा यांनी चार उपप्रजाती, म्हणजे प्रजातीच्या आतले अनेक जातींचे उपगट, मांडल्या: अलोमा, फिसिडेन्स, ऑक्टोडिसेरास आणि पॅकीफिसिडेन्स. त्यांचा आधार होता पानाचा काठ, शिरेचा छेद, दातांची नक्षी आणि कोशाच्या भिंतीवरच्या पेशींच्या उभ्या ओळींची संख्या. २०१८ मध्ये जपानी अभ्यासकांनी डीएनएवरून मांडणी बदलली आणि तीनच उपप्रजाती ठेवल्या: पॅकीफिसिडेन्स, निओअँब्लिओथॅलिया आणि फिसिडेन्स. म्हणजे अलोमा आणि ऑक्टोडिसेरास यांचे स्वतंत्र स्थान गेले.

माझे मत विचाराल तर नमुना ओळखताना २००४ ची चौकट डोक्यात ठेवा आणि अंतिम नोंद नव्या चौकटीत करा. जुन्या चौकटीतली लक्षणे डोळ्याला दिसतात. नवी चौकट नात्याच्या दृष्टीने बरोबर असली तरी नमुना हातात घेतल्यावर कुठून सुरुवात करायची ते ती सांगत नाही.

काठ: सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत फसवे लक्षण

शास्त्रीय भाषेत लिंबिडियम. साडीच्या काठासारखाच तो पानाच्या कडेने जातो. कडेच्या पेशी लांबट, अरुंद, जाड भिंतींच्या आणि रंगाने फिकट किंवा पिवळट असतात. आतल्या पेशी मात्र छोट्या, गोलसर, षट्कोनी आणि हिरव्या. ४० पटीवरही हा काठ उजळ रेषेसारखा दिसतो.

चूक इथे होते: लोक काठ आहे की नाही एवढेच लिहितात. काठ प्रत्येक पाळीवर स्वतंत्रपणे बघावा लागतो, आणि दोन प्रकारच्या पानांवर. वहीत सहा रकाने पाडा: खिशाची पाळी, शेंड्याची पाळी, पाठीची पाळी, हे तिन्ही आधी खोडाच्या मधल्या पानासाठी आणि मग कोशाच्या तळच्या पानासाठी. त्यातून पुढच्या शक्यता निघतात.

तिन्ही पाळ्यांवर काठ असला तर तो शेंड्यापर्यंत पोहोचून शिरेला मिळतो का, की थोडा अलीकडे विरतो, हे बघा. युरोपात आणि हिमालयात मिळणारे फिसिडेन्स ब्रायॉइडिस या गटातले. उष्ण प्रदेशात सर्वत्र पसरलेले फिसिडेन्स झॉलिंगेरीही असेच काठाचे. फिसिडेन्स फ्लॅसिडसलाही पूर्ण काठ असतो, पण त्याच्या पेशी मोठ्या, पातळ, जाळीसारख्या पारदर्शक, आणि शीर शेंड्याच्या बरीच आधी संपते. फ्लॅसिडस हातात आल्यावर पान जणू ओल्या टिश्यू पेपरचे वाटते. दोन-चार नमुन्यांनंतर ते सूक्ष्मदर्शकाआधीच कळते.

फक्त खिशाला काठ असलेल्या जाती आपल्याकडे भरपूर. फिसिडेन्स सिलोनेन्सिस आणि फिसिडेन्स क्रेन्युलॅटस यांची नावे दक्षिण भारतातल्या याद्यांत वारंवार येतात. या गटात सर्वाधिक घोळ होतो, कारण हा काठ कधी खिशाच्या खालच्या अर्ध्यातच असतो, आणि कधी फक्त कोशाच्या तळच्या पानांवर असतो. बिनकोशाची फांदी घेतली तर काठ दिसतच नाही, आणि नमुना बिनकाठाच्या गटात जाऊन बसतो.

काही जातींत काठ अगदी कडेला नसून एक-दोन पेशी आत असतो. साडीचा काठ आत सरकून बाहेर बारीक झालर राहावी तसा. त्यासाठी ४०० पट लागते. १०० पटीवर तो कडेचाच वाटतो.

बिनकाठाच्या जातींत आपल्या भागात सर्वांत आधी आठवावे ते फिसिडेन्स क्रिस्प्युलस. जुन्या पुस्तकांत ते फिसिडेन्स झिपेलियानस या नावाने आहे. पेशी फुगीर, उंचवट्यांच्या. सुकल्यावर पाने आत वळतात. आणि पानाच्या बेचक्यात फुगलेल्या पारदर्शक पेशींची छोटी गाठ असते. ही गाठ शोधायला वरची पाने सुईने ओढून काढावी लागतात. ती दिसली की किल्लीतले बरेच फाटे एकदम गळतात, म्हणून बिनकाठाच्या कुठल्याही नमुन्यात ती आधी शोधा.

आणखी एक फसवणूक: फिसिडेन्स डुबियस आणि आडियांथॉइडिस या समशीतोष्ण जातींच्या कडेला तीन-चार पेशींचा उजळ पट्टा असतो. तो काठ नव्हे. तिथल्या पेशींचा आकार आतल्यासारखाच असतो, फक्त त्या जास्त पारदर्शक असतात. लांबट पेशी असेल तरच काठ, हा नियम सोडू नका.

काठानंतर काय बघायचे

पेशी. गुळगुळीत, एका फुगवट्याच्या, एका टोकाच्या, की अनेक बारीक टोकांच्या? वरून पाहताना प्रकाशाच्या खेळामुळे गुळगुळीत पेशीही खडबडीत वाटते. पान सुईने दुमडा आणि घडीच्या कडेवर बघा. टोके असतील तर कडेवर करवतीसारखी उभी दिसतील. मोजमाप मधल्या पानाच्या पाठीच्या पाळीच्या मध्यावर, निदान दहा पेशींचे, आणि ते सरासरीने न लिहिता किमान-कमाल असे लिहा. शिरेलगतच्या आणि शेंड्याच्या पेशी वेगळ्या मापाच्या असतात, त्या मोजल्या की किल्ली चुकीच्या वाटेला लागते.

खिशाचे तोंड. दोन पाळ्या सारख्या लांबीच्या असून कडेपर्यंत पोहोचतात, की त्यातली एक मध्येच शिरेजवळ संपते? पहिला बंद खिसा, दुसरा अर्धउघडा. यासाठी खिशाची पाळी सुईने उलगडावी लागते.

पाठीच्या पाळीचा तळ. ती पान जिथे खोडाला चिकटते तिथपर्यंत येते, खोडावर थोडी उतरते, की वरच संपते? हे सोपे लक्षण आहे आणि फारसे कुणी बघत नाही.

शीर. शेंड्याच्या आधी संपते, शेंड्यापर्यंत जाते, की बाहेर काटा काढते? फिसिडेन्स टॅक्सिफोलियसमध्ये ती बाहेर पडून बारीक टोक होते. फिसिडेन्स हायलायनसमध्ये शीरच नसते, पण तो अपवाद.

खोडाचा छेद. मध्ये बारीक पेशींचा धागा आहे की नाही.

कोशाचा देठ कुठून निघतो. फांदीच्या शेंड्यातून, मधल्या पानाच्या बेचक्यातून, की तळाशी? टॅक्सिफोलियसमध्ये तो जवळजवळ जमिनीतून आल्यासारखा दिसतो. नर अवयव कुठे आहेत तेही लिहा: त्याच रोपावर पानाच्या बेचक्यातल्या कळीत, वेगळ्या फांदीवर, की वेगळ्या रोपावर. काही जातींत नर रोप इतके खुजे की ते मादी रोपाच्या पानांवर किंवा मुळांसारख्या तंतूंच्या गुंत्यात बसलेले असते. ते धूळ समजून धुऊन टाकू नका.

आकार सर्वांत शेवटी. आपल्या मातीवरच्या अनेक जाती पानांसह काही मिलिमीटरच्याच. त्याउलट पूर्व आशियापासून भारतापर्यंत मिळणारे फिसिडेन्स नोबिलिस काही सेंटिमीटर वाढते आणि त्याच्या पानाच्या कडेला एकाहून जास्त थरांचा गडद पट्टा असतो. हिमालयाच्या चुनखडीच्या पाण्यातले फिसिडेन्स ग्रँडिफ्रॉन्स ताठ, गर्द, अनेक थरांच्या पानांचे. मत्स्यालयवाले ज्याला फिनिक्स मॉस म्हणतात ते फिसिडेन्स फोंटानस. लांब, लवचीक, पाण्यात डुलणारे. दुकानातले ते मॉस सह्याद्रीच्या ओढ्यातल्या मॉसशी जुळवू नका, पाण्यातले प्रत्येक फिसिडेन्स फोंटानस नसते.

कुणाशी गल्लत होते

पानांच्या लिव्हरवर्टशी सर्वांत जास्त. त्यांच्या पानाला मधली शीर नसते, पान बऱ्याचदा दुभंगलेले असते, आणि कोश चार फाकांत फुटतो. कोवळ्या सेलॅजिनेलात (ही मॉससारखी दिसणारी, पण मॉस नसलेली वनस्पती) दोन मोठी आणि दोन बारीक अशा पानांच्या चार ओळी असतात, त्या भिंगाखाली लगेच दिसतात. टॅक्सिफायलम, व्हेसिक्युलॅरिया अशी चपटी मॉस फांद्या फोडत पसरतात आणि त्यांची पाने खोडाच्या सगळ्या बाजूंनी निघून चपटी वळलेली असतात. खिसा कुठेच नाही. जुन्या चुन्याच्या भिंतीवरचा तपकिरी-हिरवा गालिचा बहुतेकदा हायोफिला इन्व्होल्यूटा असतो. सुकल्यावर त्याच्या पानांच्या कडा आत गुंडाळतात, ओले झाले की काही सेकंदांत तारा उमलतो. तो चपटा नसतोच.

नमुना घेणे

अभयारण्य किंवा राखीव जंगलात वन विभागाच्या परवानगीशिवाय काही उचलू नका. भीमाशंकर, कोयना, राधानगरी ही सगळी अभयारण्ये आहेत. बाहेर घ्यायचे तर आगपेटीएवढा तुकडा पुरे, आणि ठिपक्याचा तीन चतुर्थांश भाग जागेवर राहू द्या. मातीवरच्या जाती ओढून काढल्या तर खोड तुटते आणि तळाचे कोश हातचे जातात. सुरी मातीत ५ मिलिमीटर खाली घाला आणि मातीसकट पापुद्रा उचला.

वेळ महत्त्वाची. जून-जुलैत हिरवळ सुंदर दिसते, पण कोश कोवळे किंवा नसतातच. सप्टेंबरनंतर त्याच जागी परत जा. झाकण तपकिरी झालेले पण अजून न पडलेले, असे कोश सर्वांत उपयोगी.

कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवा. ए-फोर कागदाचे एक पाकीट बेताचे होते. पाकिटावर जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि आधार लिहा. आधार नेमका हवा: जांभा, काळा कातळ, लाल माती, वारूळ, झाडाची साल, ओढ्यातला बुडालेला दगड. नुसते दगडावर लिहिले तर पुढे त्याचा उपयोग शून्य. मातीचा पापुद्रा चुरू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घाला.

प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस राहिले की बुरशी चढते आणि पेशी तपकिरी पडतात. फुलझाडांसारखे दाबून सुकवायचे नाही, पानांची मूळची बैठक मोडते. सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस पुरतात. पावसाळ्याच्या दमट हवेत सुकत नसेल तर बंद डब्यात सिलिका जेल ठेवा. भट्टी, इस्त्री, ऊन नको. नीट सुकलेले मॉस वर्षानुवर्षे टिकते आणि पाण्याच्या थेंबाने पुन्हा उलगडते, म्हणून घाई कसलीच नसते.

टेबलावर

आधी सुके असतानाच भिंगाखाली बघून पाने कशी वळली आहेत ते लिहा. एकदा भिजवले की हे लक्षण त्या फांदीपुरते गेले.

मग बशीत पाणी, त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब, आणि नमुना ५ ते १० मिनिटे. माती ब्रशने घासू नका, ड्रॉपरने पाण्याची धार मारा. पानांच्या खिशात हवा अडकते आणि काचपट्टीवर काळे फुगे दिसतात, तेव्हा काचपट्टीखालून स्पिरिटच्या दिव्याची हलकी ऊब द्या, हवा निघून जाते. उकळू द्यायचे नाही.

एका पाकिटात बहुतेक वेळा दोन, कधी तीन जाती मिसळलेल्या असतात. हा या प्रजातीचा स्वभावच आहे. एका खोडाची पाने आणि दुसऱ्या खोडाचा कोश असे जुळवलेत तर जगात नसलेली जाती तयार होते. म्हणून सगळी लक्षणे कोश असलेल्या एकाच फांदीवरून घ्या, आणि नंतर निदान तीन फांद्यांवर पडताळा.

आडवा छेद घ्यायला खास यंत्र लागत नाही. भिजलेली फांदी काचपट्टीवर आडवी ठेवा, वरून दुसरी काचपट्टी अशी दाबा की फांदीचे टोक जेमतेम बाहेर राहील. नवे दाढीचे पाते त्या काचेच्या कडेला टेकवून सरळ खाली कापा, वरची काच केसभर मागे घ्या, पुन्हा कापा. २०-३० काप झाले की पाण्याचा थेंब टाकून त्यातले पातळ निवडा. दहा कापांत एक चांगला निघाला तरी तक्रार नाही. पाते प्रत्येक दोन-तीन नमुन्यांनी बदला, बोथट पात्याने पेशी चिरडतात आणि काठ किती थरांचा आहे हे कळेनासे होते.

दात बघायला कोश भिजवा, सुईने उभा चिरा, एक अर्धा आतली बाजू वर आणि दुसरा बाहेरची बाजू वर ठेवून ४०० पटीखाली न्या. चिरलेल्या शेपट्यांवर मळसूत्रासारखी जाड वलये आणि बारीक टोके दिसतात. त्यांच्या नक्षीवरून दातांचे प्रकार ठरवले आहेत. झाकण घट्ट असेल तर २ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कोश काही मिनिटे कोमट ठेवा, सुटते. हा द्रव कातडी भाजतो आणि भिंगाची काचही खराब करतो, हातमोजे घाला आणि जास्तीचा टिपून घ्या. त्याने रंग बदलतात, म्हणून कोशाचा आणि दातांचा रंग त्याआधीच लिहा. रिकाम्या, जुन्या कोशाचे दात तुटलेले असतात. त्यावरून ते आखूड आहेत असा निष्कर्ष काढू नका.

कोशाच्या भिंतीवरच्या पेशींच्या ओळी मोजायच्या तर अख्ख्या घेराच्या मोजाव्या लागतात. कोश दोन भागांत चिरलेला असतोच, दोन्हींची बेरीज करा.

कायम ठेवायची काचपट्टी ग्लिसरीन जेलीत करा. आच्छादन काचेची कड नखरंगाने बंद केली तरी चालते.

फोटोवरून सांगता येईल का

प्रजाती, हो. जाती, अगदी क्वचित. मोबाइलच्या फोटोवर ब्रायॉइडिस किंवा टॅक्सिफोलियस अशी युरोपीय नावे सुचवणारी ॲप फिसिडेन्सच्या बाबतीत भरवशाची नाहीत. त्यांच्याकडे युरोपातले फोटो जास्त, आपल्या उष्ण प्रदेशातले तुटपुंजे. कुणाला विचारायचे असेल तर हे पाठवा: सुकी फांदी, ओली फांदी, एक पूर्ण पान, खिशाच्या कडेचा ४०० पटीचा फोटो, पाठीच्या पाळीच्या मधल्या पेशी, कोशाच्या तळचे एक पान, आणि मिळाला तर दातांचा फोटो. प्रत्येकावर मापपट्टी हवी. नमुनाच दाखवायचा असेल तर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत या गटाचे काम चालते, आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे.

जुन्या याद्यांशी ताडताना तीन नावांचे बदल नेहमी आडवे येतात: झिपेलियानस म्हणजे क्रिस्प्युलस, स्प्लॅक्नोब्रायॉइडिस म्हणजे फ्लॅसिडस, क्रिस्टॅटस म्हणजे डुबियस. दोन नावे दिसली म्हणून दोन जाती मोजू नका.

आणि कोश नसलेला नमुना, तोही फक्त खिशाला पुसटसा काठ असलेला, हातात आला तर पाकिटावर जातीचे नाव ओढूनताणून घालू नका. 'फिसिडेन्स, काठ फक्त खिशाला, कोश नाही' असे लिहा, जागेची नोंद नेमकी ठेवा, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच उतारावर परत जा.